जुन्या टू-इन-वनवर रेडिओ नीट वाजतो, पण कॅसेट गुंतते. काय करू?

आधी एक कळकळीची विनंती. दोष सापडेपर्यंत पुन्हा न मिळणारी कॅसेट त्यात घालू नका. गेली तरी चालेल अशी एखादी तपासणीसाठी ठेवा.

तुम्ही लिहिलंय की वडिलांचा टू-इन-वन बऱ्याच वर्षांनी काढला, रेडिओ खणखणीत आहे, पण कॅसेटचा आवाज ओढल्यासारखा आणि दबका येतो, आणि एक कॅसेट तर गुंतून तुटली. रेडिओ खणखणीत म्हणजे ॲम्प्लिफायर आणि स्पीकर ठीक. घोळ टेपच्या यंत्रणेत आहे.

सेलवर चालवत असाल तर नवे सेल घालून बघा. रेडिओ वाजतोय म्हणजे सेल चांगले, असं धरू नका. मोटरला जास्त करंट लागतो, त्यामुळे सेल उतरले की आधी टेप रेंगाळते आणि रेडिओ मात्र वाजत राहतो.

फरक पडला नाही तर कॅसेट न घालता झाकण उघडून प्ले दाबा. फीत गुंडाळून घेणाऱ्या चकतीवर बोट अगदी हलकं टेकवा. ती जोर धरून फिरायला हवी. बोट लागताच थांबली तर कॅसेट का गुंतली ते तिथेच कळलं. कॅप्स्टन (फीत ओढणारी धातूची बारीक फिरती दांडी) आणि तिला टेकलेला रबरी रोलर फीत पुढे ढकलतच राहतात, चकती ती ओढून घेत नाही, मग फीत साचते आणि रोलरला वेढे घालते. कारण बहुधा सैल झालेला बेल्ट, म्हणजे मोटरची गती चकतीपर्यंत नेणारा रबरी पट्टा. जुना रबर कधीकधी वितळून डांबरासारखा होतो, तो पुलीवरून पूर्ण पुसल्याशिवाय नवा बेल्ट चढवू नका. माप घ्यायला बेल्टच्या वाटेने दोरा फिरवा आणि त्याहून किंचित लहान बेल्ट घ्या. वेग कमी आहे म्हणून मोटरच्या भोकातला स्क्रू आधीच फिरवायचा मोह टाळा. बेल्ट बदलल्यावर बरेचदा वेग आपोआप जागेवर येतो.

दबक्या आवाजासाठी हेड, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणारा धातूचा भाग बघा. त्यावर तपकिरी थर दिसेल, ती फितीची झिजलेली भुकटी. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हेड आणि कॅप्स्टन काडी पांढरी येईपर्यंत पुसा. रबरी रोलरला साबणाच्या पाण्याचं ओलसर फडकं पुरतं. सगळं सुकल्यावरच कॅसेट लावा. हेडशेजारच्या स्प्रिंगवाल्या स्क्रूला सहसा हात लावू नये असं माझं मत. तो हलवला तर याच मशीनवर रेकॉर्ड केलेल्या कॅसेट दबक्या वाजू लागतात.

तुटलेली कॅसेट टाकू नका. कवच स्क्रूचं असेल तर उघडतं. चुरगळलेला तुकडा कापा, टोकं एकमेकांना भिडवा आणि हेडला न लागणाऱ्या बाजूने स्प्लाइसिंग टेप (फीत जोडायची खास चिकटपट्टी) लावा. सेलोटेप नको, त्याचा गोंद पाझरून फितीचे थर चिकटतात. फीत सेकंदाला ४.७६ सेंमी पळते, त्यामुळे सेंटीमीटरभर कापली तरी पाव सेकंदही जात नाही.