जामीन झाला, पुढे काय? मनोरुग्ण, पोलीस आणि कोर्टाविषयी वाचकांचे प्रश्न

घरातला आजारी माणूस पोलिसांच्या हाती लागला की काय करायचं, असं विचारणारी बरीच पत्रं खान्देशातून आली. मी मनोरुग्णांसोबत काम करणारी समाजसेविका आहे, वकील नाही. कोर्टात द्यायचा अर्ज वकिलाकडूनच लिहून घ्यावा.

प्रश्न : धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्या सुटल्या होत्या. ‘माझ्यावर पाळत आहे’ म्हणत त्याने किराणा दुकानाची काच फोडली, दुकानदाराला ढकललं. सध्या तो जेलमध्ये आहे. जामीन होईल म्हणतात. पण घरी आल्यावर पुन्हा तेच झालं तर? — एक भाऊ, यावल तालुका

दादा, तुमची भीती रास्त आहे. नुसत्या जामिनाने तो घरी येईल, आजार आहे तसाच राहील. म्हणून जामिनासोबत उपचाराची सोयही मागा.

आधी जुने केसपेपर, चिठ्ठ्या आणि डिस्चार्ज कार्ड गोळा करा. एक संच वकिलांना द्या, दुसरा जेलच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना अर्जासोबत द्या, म्हणजे गोळ्या आतच सुरू होतील. आजारी कैद्याला उपचार मिळाले पाहिजेत आणि गरज असेल तर त्याला मानसिक आरोग्य संस्थेत हलवलं पाहिजे, असं मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ सांगतो.

मग वकिलांना भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी खटला कसा चालवायचा ते सांगणारा, जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम ३६९ दाखवा. आजारामुळे आरोपी स्वतःचा बचाव करू शकत नाही असं तपासणीत ठरलं, त्याला भरती करायची गरज नसली आणि नातेवाईक किंवा मित्राने हमी दिली, तर गुन्हा अजामीनपात्र असला तरी कोर्ट त्याला सोडू शकतं. हमी दोन गोष्टींची असते : जवळच्या रुग्णालयात नियमित उपचार घेऊ, आणि त्याच्याकडून त्याला किंवा दुसऱ्याला इजा होऊ देणार नाही. अशी हमी मिळाली नाही किंवा जामीन देता आला नाही, तर नियमित मनोविकार उपचार मिळतील अशाच जागी त्याला ठेवायचं असतं. भाऊ केस समजण्याइतका शुद्धीवर असेल तर हे कलम लागणार नाही. तेव्हा नेहमीच्या जामीन अर्जातच उपचाराची अट मागता येते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. त्या हमीपत्रावर घाईत सही करू नका. ‘उपचार देऊ’ एवढंच लिहिलं तर ते कोणाचंच काम राहत नाही. कोणत्या रुग्णालयाची ओपीडी, आठवड्याचा कोणता वार, सोबत कोण जाणार, गोळ्या कोणाच्या ताब्यात राहणार, त्याने गोळी नाकारली तर पहिला फोन कोणाला, तारखेला डॉक्टरांचा अहवाल कोण आणणार, हे नावानिशी लिहा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात समाजसेवकाचं पद असतं. सिव्हिलमध्ये किंवा मेडिकल कॉलेजच्या मनोविकार विभागात चौकशी करून त्यांना आधी भेटा, आणि ते तयार असतील तर त्यांचंही नाव घाला. परदेशात यालाच केस मॅनेजमेंट म्हणतात. औषध, तारीख, कागदपत्रं, घर आणि काम या सगळ्याचा माग एकाच माणसाने ठेवायचा. आपल्याकडे हे ओझं बहुतेक वेळा एकट्या बहिणीवर किंवा आईवर पडतं आणि वर्षभरात तीच खचते. तुमच्या घरात तसं होऊ देऊ नका. माग एकाने ठेवला तरी कामं दोघांत वाटून घ्या.

प्रश्न : भुसावळ स्टेशनबाहेर एक माणूस बरेच दिवस फिरतोय. अंगावर धड कपडे नाहीत, एकटाच बडबडतो. पोलिसांना सांगितलं तर म्हणतात, ‘गुन्हा नाही, आम्ही काय करणार?’ — एक दुकानदार

गुन्हा नसला तरी हे काम पोलिसांचंच आहे. २०१७ च्या कायद्याचं कलम १०० सांगतं की आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या, भटकणाऱ्या माणसाला ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने संरक्षणात घ्यावं आणि लवकरात लवकर, जास्तीत जास्त २४ तासांत, जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यावं. लॉकअपमध्ये किंवा जेलमध्ये ठेवायला पूर्ण मनाई आहे. तो बेघर किंवा हरवलेला असेल तर तशी नोंद करून त्याच्या घरच्यांचा शोध घ्यायचा असतो. लेखी अर्ज द्या, त्यात हे कलम लिहा आणि पोच घ्या. भुसावळ जंक्शन असल्याने इथे उतरलेल्या माणसाचं घर बिहारमध्येही असू शकतं, बंगालमध्येही. त्याची भाषा ओळखणारं कोणी स्टेशनवर सापडलं तर त्याला सोबत न्या.

प्रश्न : मुलगा लिथियमच्या (मनाच्या टोकाच्या चढउतारांवरच्या) गोळ्या घेतो. मे महिन्यात शेतातून येताना झोकांड्या खात होता. दारू प्यायला म्हणून त्याला ठाण्यात बसवून ठेवलं. — एक आई, अमळनेर

ताई, आपल्याकडच्या उन्हात घाम जातो, अंगातलं पाणी आणि मीठ कमी होतं आणि रक्तातलं लिथियम वाढतं. हात थरथरतात, जीभ जड होते, तोल जातो. बघणाऱ्याला दारूच वाटते, पण हे विषबाधेइतकं गंभीर असू शकतं. असं दिसलं की पुढची गोळी देऊ नका, थेट रुग्णालयात न्या आणि लिथियमची रक्ततपासणी करून घ्या. आजाराचं नाव, गोळी आणि तुमचा नंबर लिहिलेलं कार्ड त्याच्या खिशात कायम असू द्या. उन्हाळा लागण्याआधी डॉक्टरांना भेटून ये-जा, काम आणि पाणी याबद्दल बोलून घ्या.

प्रश्न : माझ्या दुकानात एका मनोरुग्णाने तोडफोड केली. आजाराच्या नावाखाली सोडून द्यायचं का? — शिरपूर

नाही. तुमचं नुकसान खरं आहे आणि तक्रार करायचा तुमचा हक्कही. फक्त पुढचा विचार करा. शिक्षा झाली तरी काही दिवसांनी तो बाहेर येणार, आणि आत उपचार तुटले असतील तर जास्त बिघडून तुमच्याच गल्लीत येणार. साधी दुखापत, खासगी मालमत्तेचं नुकसान अशा गुन्ह्यांत कायदा तडजोडीला वाव देतो. भरपाई घ्या, आणि उपचार चालू ठेवण्याची लेखी हमी कुटुंबाकडून मागा. ती मागायला तुमच्याइतका अधिकार दुसऱ्या कोणाला नाही.

प्रश्न : अमेरिकेसारखी ‘मेंटल हेल्थ कोर्ट’ इथे का नाहीत? — एक तरुण वकील, जळगाव

मनोरुग्ण आरोपीला शिक्षेऐवजी देखरेखीखालच्या उपचारांकडे वळवणारं असं कोर्ट फ्लोरिडातल्या ब्राउवर्ड काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) १९९७ साली सुरू झालं. शेजारच्या मायामी-डेडमध्ये न्यायाधीश स्टीव्ह लाइफमन यांनी २००० पासून किरकोळ गुन्ह्यातल्या रुग्णांना जेलऐवजी उपचारांकडे वळवण्याची व्यवस्था उभी केली. तिथे न्यायाधीशासमोर रुग्णाची खबर घेऊन उभं राहणारा माणूस असतो, म्हणून ती चालते. आपल्याकडे परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) आहेत, मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाचे स्वयंसेवक आहेत, आरोग्य विभागाचे समाजसेवक आहेत. ते एकमेकांना ओळखत नाहीत, ही खरी अडचण आहे. नव्या कोर्टाची वाट कशाला बघायची? अपराधी परिविक्षा अधिनियम १९५८ खाली, दोष सिद्ध झाल्यावरही, देखरेखीच्या अटीवर सुटका मागता येते.

एक सावधगिरी मात्र बाळगा. अशिलाला ‘अनफिट’ (आजारामुळे खटला चालवण्यास अयोग्य) ठरवून घेतलं की फाइल बंद करू नका. आसामचे माचल लालुंग १९५१ साली पकडले गेले, मनोरुग्णालयात पाठवले गेले आणि २००५ साली सुटले. मधली ५४ वर्षं खटला चाललाच नाही.

प्रश्न : नवरा ऊसतोडीला गुजरातेत जातो. तिथे औषध सुटतं, इकडे तारीख चुकते आणि वॉरंट निघतं. — धडगाव

ताई, निघण्याआधी डॉक्टरांना महिन्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनबद्दल विचारा. ते सगळ्यांना चालत नाही, पण चाललं तर रोजच्या गोळीची चिंता मिटते. चिठ्ठीची प्रत सोबत ठेवा, तिकडच्या सरकारी दवाखान्यात ती दाखवता येते. वकिलांकडून हजेरी माफीचा अर्ज आधीच द्या, सोबत डॉक्टरांचा दाखला जोडा. आदिवासी कुटुंबाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, त्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाच्या १५१०० ला फोन करा. औषधाबद्दल रात्री-अपरात्री शंका आली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. तो मोफत आहे, गुजरातेतूनही लागतो आणि मराठीत बोलता येतं. दोन्ही नंबर मुकादमाच्या फोनमध्येही टाकून ठेवा.