रेस्ट डेला सायकलवर परळी करून यावं का?

प्रश्न: आमचा दहा-बारा जणांचा सायकल ग्रुप जानेवारीत संभाजीनगर ते तुळजापूर जाणारे, बीड, अंबाजोगाई, लातूर असा रूट. अंबाजोगाईला एक रेस्ट डे ठेवलाय. अर्धे म्हणतात लॉजवर नुसतं पडून काय करायचं, परळी २५ किलोमीटरवर तर आहे, वैजनाथाचं दर्शन घेऊन येऊ. बाकीचे म्हणतात सायकलला हातच लावायचा नाही. एक जण तर म्हणतो रेस्ट डेच काढून टाका, एक दिवस वाचतो. काय करावं?
– एक वाचक, जालना

उत्तर: परळीला जा की राव, पण एसटीनं. सायकलवर जाऊन-येऊन पन्नास होतात, आणि अंबाजोगाई बालाघाटावर, परळी खाली, म्हणजे जाताना सगळे गाणी म्हणत जाणार आणि येताना दुपारच्या उन्हात घाट चढणार. बीड सोडल्यावर मांजरसुंब्याचा घाट आदल्याच दिवशी चढून झालेला असतो हे पण धरा.

रेस्ट डे काढा म्हणणारा बहुतेक ग्रुपमधला सगळ्यात फिट गडी असणार. त्याला नसेल गरज, पण सुट्टी ठरवायची ती सगळ्यात मागं राहणाऱ्याकडं बघून. स्नायूंमधला ग्लायकोजनचा, म्हणजे ताकदीसाठी साठवलेल्या साखरेचा, साठा रिकामा झाला की नीट जेवूनसुद्धा परत भरायला साधारण एक दिवस लागतो, आणि सीटवर घासून जिथं सोललंय तिथं तर न बसणं हाच उपाय. ज्याला अगदीच चैन पडत नाही त्यानं सामान न लावता सपाट रस्त्यावर अर्धा तास हलक्या गिअरमध्ये पाय मोकळे करून यावेत, बास.

बरं, अंबाजोगाईतच बघायला कमी आहे का? योगेश्वरीचं दर्शन, हत्तीखाना लेणी, एवढं आरामात होतं. मुकुंदराजांची समाधी खाली दरीत आहे, गुडघे कुरकुरत असतील तर तिथं रिक्षा करून जा. जागा तुम्ही चांगली निवडलीय, सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल गावातच आहे, कुणाला ताप-जुलाब झाले तर धावपळ नाही.

आता खरं काम, टायर. आपल्याकडं बाभळीचा काटा टायरमध्ये मोडून बसतो, बाहेरून दिसत नाही, तुम्ही ट्यूब बदलता आणि दोन किलोमीटरवर परत फुस्स. म्हणून सकाळीच टायर उतरवा आणि जुनं सुती फडकं आतल्या बाजूनं गोल फिरवा, काटा असेल तिथं धागा अडकतो. बोट फिरवू नका, टोक घुसतं. काटा बाहेरून चिमट्यानं ओढा, नाही निघाला तर आतून बाहेर ढकला. मग चेन पुसून थोडं तेल आणि ब्रेक पॅड किती उरलेत ते बघणं, हे पटकन होतं. पॅडवाल्या चड्ड्या आधी धुवा आणि उलट्या करून उन्हात घाला, जाड पॅड वाळायला अख्खा दिवस घेतो आणि ओली चड्डी घालून लातूरपर्यंतचे साठेक किलोमीटर काढणं म्हणजे शिक्षाच.

खाण्याचं म्हणाल तर आज सायकल नाही म्हणून कमी जेवायचं, असं करू नका. भाकरी, भात, धपाटे, पोटभर. मंगळवार आला आणि कुणी देवीचा उपवास धरला तर साबुदाणा चालेल पण निरंकार नको. जानेवारी म्हणजे हुरड्याचं आमंत्रण येणारच, जा, फक्त ताकासोबत हात आवरून खा, दुसऱ्या दिवशी सीटवर बसायचंय.

आणि हे सगळं निघायच्या आधी ग्रुपवर ठरवून टाका, तिथं लॉजच्या दारात उभं राहून वाद घालण्यात निम्मी सकाळ जाते. परळीवाले एसटीनं, बाकीचे लॉजवर टायरला. फक्त पंप ज्याच्या बॅगेत आहे त्यानं तो काढून ठेवूनच परळीला जायचं.