अमेरिकेत वाहतुकीतल्या अपघातांची चौकशी करणाऱ्या एनटीएसबीला (राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा बोर्डाला) पैसे कोण देतं, आणि तिच्यावर लक्ष कोण ठेवतं?
पैसे थेट अमेरिकन काँग्रेस, म्हणजे तिथली संसद देते, दरवर्षीच्या बजेटमधून, आणि हिशोबही तिथल्याच कमिट्या मागतात. १९६७ ला सुरू झाली तेव्हा ही संस्था वाहतूक खात्याच्याच पोटात होती, म्हणजे ज्याच्या चुका काढायच्या त्याच्याच घरात राहायचं, म्हणून १९७५ पासून वेगळी केली. बोर्डावर ५ मेंबर, राष्ट्राध्यक्ष नाव देतात, सिनेट (संसदेचं वरचं सभागृह) मंजूर करतं, एका पक्षाचे ३ च्या वर चालत नाहीत. बजेट अडकलं की मात्र पंचाईत, २०१९ च्या शटडाऊनमध्ये, म्हणजे बजेटअभावी सरकारी काम बंद पडलं तेव्हा, बरेचसे तपास अधिकारी घरी बसून होते! आणि एवढं करून शिफारशी पाळायची सक्ती नाहीच, वाहतूक खात्याने ९० दिवसांत लेखी उत्तर दिलं की झालं, मग ते कारणासकट 'नाही जमणार' असलं तरी.