जुन्या पेट्रोल गाडीला घरच्या घरी टर्बो किट बसवता येईल का?

जळगावात घराच्या अंगणातच हे काम करावे का, असे आपण विचारले आहे. नटबोल्ट आवळणे जमेल. मात्र टर्बो इंजिनात जास्त हवा दाबून भरतो; हवा वाढली की त्या प्रमाणात पेट्रोल वाढवून इग्निशन टायमिंग मागे घ्यावे (म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पाडावी) लागते, आणि ईसीयूचे, म्हणजे इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाचे, ट्यूनिंग न करता बूस्ट (हवेचा वाढीव दाब) दिल्यास नॉकिंगने (इंधन अवेळी पेटून बसणाऱ्या धक्क्यांनी) पिस्टन फुटू शकतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, त्यामुळे इंटरकूलर (टर्बोतून येणारी तापलेली हवा थंड करणारा भाग) टाळूच नये. टर्बोतील ऑइल सहसा केवळ उताराने नळीतून इंजिनाच्या तळाच्या ऑइल चेंबरमध्ये परतते. माझ्याकडून ती नळी किंचित वर वाकली, तर सायलेन्सरमधून निळा धूर निघू लागला. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मनाई असल्याने, किट मागवण्यापूर्वी आरटीओत चौकशी करावी.