मागे कुठून फिरायचं ते किनाऱ्यावरच ठरव

अगं पोरी,

तुझा मेसेज रात्री वाचला आणि खरं सांगू, रागच आला, तुझ्यावर नाही, तुला घाबरट म्हणणाऱ्यांवर. ते तिघं आपापली कयाक, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी, घेऊन समुद्रातल्या कड्याच्या टोकाला वळसा घालून सुखरूप आले म्हणून तू परत फिरलीस ते चुकलं, हे गणित कुणी शिकवलं तुला? आणि तूच लिहिलंयस की तू फिरल्यावर ते दीड तास आडोशाला थांबले. मग? तू टोकाशी पोचलीस तेव्हा भरतीचा चौथा तास होता, सहा तासांत जेवढं पाणी चढतं त्यातलं जवळपास निम्मं तिसऱ्या-चौथ्या तासात सरकतं, त्यात वारा प्रवाहाच्या उलट, म्हणजे लाटा आखूड आणि उभ्या. ते गेले तोवर प्रवाह मंदावला होता. तू पाहिलेलं पाणी त्यांनी पाहिलंच नाही.

माझं म्हणणं एकच आहे. कुठून फिरायचं ते किनाऱ्यावर, पाय कोरडे असताना ठरवायचं आणि पाण्यात गेल्यावर मोडायचं नाही. ब्रेस (पॅडल, म्हणजे वल्हं, पाण्यावर दाबून तोल सावरणं), रोल (उलटलेली कयाक आत बसूनच सरळ करणं), सगळं त्याच्यानंतर.

कारण पाण्यात डोकं आपल्याशी खोटं बोलतं. जमिनीवरून समुद्राकडे वारा असला की उंच कड्याखाली तो जाणवतच नाही, पाणी गुळगुळीत दिसतं, आणि थोडं बाहेर गेलं की तोच वारा पाठीवर बसून तुला आत ढकलत नेतो. छान वेग मिळतोय असं वाटतं. परतताना तो तोंडावर येतो. नेहमी तीन-साडेतीन नॉटने (एक नॉट म्हणजे ताशी साधारण १.८५ किलोमीटर) जाणारी कयाक पंधरा नॉटच्या वाऱ्यासमोर निम्म्यावर येते, आणि तेव्हा हात आधीच थकलेले असतात. इंग्लंडमध्ये लाइम बे इथे मार्च १९९३ मध्ये चार शाळकरी मुलं दगावली, वारा त्यांच्या कयाक किनाऱ्यापासून बाहेरच नेत होता. त्यानंतर १९९५ मध्ये तिथे मुलांना असे साहसी खेळ शिकवणाऱ्या केंद्रांसाठी कायदा झाला. कायदा झाला, मुलं गेली ती गेलीच.

आणि कड्याजवळचं पाणी. तू लिहिलंस "काय होतंय कळेना", ते हे होतं. लाट कड्यावर आपटून परत फिरते, येणाऱ्या लाटेला भिडते आणि दोन्ही एकावर एक चढतात, मीटरभराची लाट दोन मीटरपर्यंत उभी राहते, पुढे सरकत नाही, जागच्या जागी वरखाली होते. त्या शेंड्यावर कयाक आली की नाक आणि शेपूट दोन्ही हवेत, पॅडल मारावं तर खाली पाणीच लागत नाही, नजर कड्याकडे जाते, कंबर ताठरते, आणि कंबर ताठरली की उलटलीच. कंबर सैल ठेव, पॅडल चालू ठेव आणि कड्यापासून लांब हो, बास. पण तिथे जायचं का, हा प्रश्न तिथे बसून सोडवायचा नाही.

स्विमिंग पूलमध्ये तुझा रोल दर वेळी लागतो हे मला सांगू नकोस. गार पाण्यात डोकं गेलं की पहिला मिनिटभर श्वासच आपल्या ताब्यात नसतो, नंतर थोड्याच वेळात बोटं ऐकेनाशी होतात. कपडे पाण्याच्या थंडीला पुरतील असे घालायचे, ऊन बघून नाही.

मीही असाच अर्ध्यातून परत फिरलोय. ज्याच्यासोबत शिकलो तो पुढे गेला, सुखरूप आला, आणि मग माझ्याबरोबर कधी पाण्यात उतरला नाही. त्या टोकापलीकडचा किनारा मी अजून पाहिलेला नाही, आणि खंत आहे, खोटं कशाला बोलू. पण वाऱ्याचा आकडा आम्ही दोघांनीच ठरवला होता, सकाळी, नकाशावर बोट ठेवून, आणि वारा त्याच्या वर गेला होता. मग मी काय करायला हवं होतं? मैत्री टिकवायला पुढे जायचं? नाही. आज विचारशील तरी नाही. लोक म्हणतात परिस्थिती बघून निर्णय बदलता आला पाहिजे, तर बदल ना, पण फक्त लवकर फिरण्याकडे, पुढे जाण्याकडे कधीच नाही.

तर आता रडणं बंद कर आणि पुढच्या वेळी निघायच्या आधी मला पाठव, वारा किती नॉट झाला की फिरणार, किती वाजता फिरणार आणि कुठल्या खडकापासून. "तिथे गेल्यावर बघू" असं लिहिलंस तर तिथल्या तिथे फोन करून ओरडेन.