ज्युदोत पाठीवर आल्यावर पालथं व्हावं का?

तुम्ही लिहिलंय की चार वर्षं तालमीत कुस्ती केली, आता ज्युदो शिकताय, पण खाली पाठीवर आलात की अंग आपसूक पालथं होतं आणि समोरचा मागून गळा धरतो. मीही मातीतूनच आलो. माझंही पहिलं वर्ष असंच गेलं.

कुस्तीत पाठ टेकली की चितपट. ज्युदोत फेकून नीट पाठीवर पाडलं तर इप्पॉन, लढत संपली. पण फेक फसली आणि झुंज खाली सुरू झाली, तर नुसती पाठ टेकल्याने काहीच जात नाही. गुण जातो ओसाएकोमीत, म्हणजे तुम्हाला दाबून ठेवलं तर: 10 सेकंदांना वाझा-आरी, म्हणजे अर्धा विजय, 20 ला इप्पॉन. तुमच्या पायांत त्याचा पाय किंवा धड अडकलेलं असेल, तर पंच ओसाएकोमी पुकारतच नाहीत. म्हणून पालथं होण्याआधी पाय मध्ये घाला. मात्र त्याच्या कमरेला पाय गुंफून, ताणून पिळू नका, त्याबद्दल तुम्हाला शिडो, म्हणजे दंड मिळतो.

सपाट पडून राहू नका. त्याची एक बाही घट्ट धरा, पाऊल त्याच्या कमरेवर ठेवा. तो हात पुढे टेकवेल, तेव्हा जुजी-गातामे, म्हणजे दोन पायांत हात धरून कोपर ताणायचा डाव. इथे आपण कुस्तीवाले नेमके चुकतो: ताकद आहे म्हणून हात सरळ ओढतो, मग तो उठून उभा राहतो आणि आपल्याला उचलतो, की पंचांचं मात्ते, म्हणजे ‘थांबा’. आधी पावलाने रेटा देऊन स्वतःची कंबर फिरवा, त्याला आडवे व्हा, तुमचं तोंड त्याच्या कानाकडे हवं. एक पाय त्याच्या काखेत उंच, दुसरा तोंडावरून. गुडघे जवळ, त्याचा अंगठा छताकडे, मग कंबर उचला.

त्याने दुसरा हात पायांच्या मधून काढून घेतला, तर सांकाकु-जिमे, म्हणजे पायांच्या त्रिकोणात गळा आवळायचा. जपानातल्या कोसेन, म्हणजे शाळा-महाविद्यालयांच्या स्पर्धांत हा डाव घडला. तिथे थेट खाली ओढून बसायलाही मुभा होती. आजच्या स्पर्धांत तसं ओढलंत तर शिडो, त्यामुळे फेक लावण्याचा खरा प्रयत्न आधी हवा.

सरावात जोडीदाराला गुडघ्यांवर बसवा, तुम्ही पाठीवर. दोन-दोन मिनिटं झुंजा, पालथं व्हायची बंदी. मला सवय मोडायला तीन महिने लागले. हाताला ताण आला की लगेच हाताने थाप देऊन सोडायला सांगायचं, हे मात्र दोघांनी आधीच ठरवून घ्या, कोपर सावकाश भरून येतं.