जास्वंदीच्या शेंड्यांवर पांढरा कापूस, पानं आवळलेली : काय करू?

घोडबंदर रोडला नवव्या मजल्यावरची गॅलरी, लाल जास्वंद, शेंड्याची पानं मुठीसारखी आवळलेली, पेरांमध्ये पांढरा कापूस, कळ्या गळतायत आणि नर्सरीतून आणलेलं बुरशीनाशक दोनदा फवारूनही फरक नाही. तुम्ही इतकं बारकाईनं लिहिलंत म्हणून जवळजवळ खात्रीनं सांगता येतं की हा पिठ्या ढेकूण आहे. ही कीड आहे, बुरशीनाशकाला ती दाद देणार नाही.

तरी एकदा पडताळून बघा. आगकाडीनं तो कापूस खरवडा. भुरी, म्हणजे पानावरची पांढरी बुरशी असेल तर पानावर पिठाचा सपाट थर असतो, तो नुसता पुसला जातो. पिठ्या असेल तर मेणकट धागे ताणले जातात आणि आतला मऊ किडा चिरडून काडीला गुलाबी डाग लागतो. शेंडे आवळले जातात ते याच्या लाळेमुळे. रस शोषताना ती झाडात जाते आणि कोवळी वाढ तिथेच खुंटते. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागांनाही हीच कीड छळते.

आता कुंडीकडे बघा. मुंग्यांची रांग वर जातेय का? पिठ्या चिकट गोड द्रव सोडतो. मुंग्या तो खातात आणि बदल्यात त्याला खाणाऱ्या किड्यांना हाकलतात. खालच्या पानांवर काळी काजळी दिसत असेल तर ती याच द्रवावर वाढलेली बुरशी. तिच्यासाठी वेगळं औषध नको, ओल्या फडक्यानं पुसा. मुंग्यांचा बंदोबस्त मात्र आधी करा. कुंडी पाण्याच्या ताटलीत विटेवर उभी करा आणि फांद्या ग्रिलला किंवा भिंतीला टेकू देऊ नका. ताटलीतलं पाणी रोज बदला, नाहीतर डास होतील.

आवळलेले शेंडे निर्दयपणे कापा, आवळलेल्या भागाच्या खाली दोन-तीन पेरांपर्यंत. जास्वंद पुन्हा फुटते, काळजी करू नका. कापलेलं पिशवीत घट्ट बांधून टाका, खताच्या बादलीत नको. मग उरलेल्या झाडावर पाण्याचा जोरदार फवारा मारा, पानांच्या खालून आणि पेरांत. उघड्यावरच्या जास्वंदी आपल्याकडच्या पावसात आपोआप धुतल्या जातात. स्लायडिंगच्या आतल्या गॅलरीत ते काम आपल्याच हातांनी करावं लागतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी १ लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल घ्या. ते आधी १-२ मिली लिक्विड सोपमध्ये घोटा, नाहीतर तेल वर तरंगतं. एका फांदीवर मारून दोन दिवस बघा, पानं करपली नाहीत तरच सगळीकडे फवारा. आणि एकदा मारून थांबू नका. एक मादी मेणाच्या पिशवीत शेकडो अंडी घालते, तिथे फवारा पोचत नाही. अंडी साधारण आठवड्याभरात फुटतात, म्हणून दर ७ दिवसांनी, तीन-चार वेळा.

इथे माझी एक चूक सांगते. नेरूळला आईच्या जास्वंदीवर असंच झालं होतं. फवारणीनंतर काही दिवसांनी मोठे, लांब झिपऱ्यांचे पांढरे किडे भराभर पळताना दिसले. कीड वाढली असं समजून मी सगळे वेचून मारले. नंतर कळलं, त्या क्रिप्टोलिमस नावाच्या ढालकिड्याच्या (लेडीबगच्या) अळ्या होत्या, पिठ्याच खाणाऱ्या! हा ढालकिडा १८९८ मध्ये कॉफीवरच्या किडीसाठी ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला. अळी दिसायला पिठ्यासारखीच, पण पिठ्या जेमतेम ३ मिमीचा आणि संथ, ही त्याच्या तिप्पट-चौपट आणि चपळ. मोठा ढालकिडा काळसर, डोकं नारिंगी. यांपैकी काहीही दिसलं तर फवारणी थांबवा. झाड अजून आजारी दिसलं तरी थांबवा.

दुकानदार इमिडाक्लोप्रिड हे रासायनिक कीटकनाशक देऊ करेल. ते काम करतं, पण घरच्या जास्वंदीला मी देत नाही. ते झाडात भिनतं, मकरंदातही उतरतं, आणि तो मकरंद प्यायला शिंजीर पक्षी रोज येतो. शिवाय तुमची फुलं गणपतीला जातात, कुणी तेलात घालतं, कुणी चहात. व्हर्टिसिलियम लेकॅनी ही किडीवर जगणारी बुरशी चालेल, १ लिटरला ५ ग्रॅम, पावसाळी दमट हवेत ती चांगली लागू पडते. फक्त तुम्ही बुरशीनाशक मारलंय, ते तिलाही मारेल, तेव्हा निदान दोन आठवडे जाऊ द्या.

कळ्यांचं कारण वेगळंही असू शकतं. गळलेली एक कळी पांढऱ्या कागदावर उकलून झटका. रेघेसारखे बारीक किडे पळाले तर फुलकिडे आहेत. त्यांनाही कडुनिंबाचं तेल चालतं, पण गळलेल्या कळ्या कुंडीत पडू देऊ नका. युरिया देत असाल तर सध्या बंद ठेवा. लुसलुशीत फुटीवर पिठ्या आधी बसतो.

शेजारी भेंडी किंवा दुसरी जास्वंद असेल तर तिचीही पेरं आजच तपासा, आणि कात्री साबणानं धुतल्याशिवाय तिला लावू नका.